एकोणीस एकांची संख्या

ता. ६ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. तुमच्या दादांना डॉक्टरांनी घरी पाठवलं आहे. बरे झाले म्हणून नाही, तिथे ठेवून करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. मूत्रपिंडं थकली आहेत आणि हृदय त्यांच्या मागोमाग चाललं आहे. महिना, फार तर दीड. डॉक्टर तरुण होता, सांगताना पंख्याकडे बघत होता. शेवटी मीच म्हटलं, आकडा सांगा, आमच्या घरात आकड्यांची सवय आहे.

इकडची खुशाली एवढीच. तुमच्याकडे सगळं ठीक आहे असं धरून चालते.

त्यांची खाट मधल्या खोलीत खिडकीशी घेतली आहे. ते माझ्या समाधानासाठी. त्यांना आता उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. बोलणं मात्र शाबूत आहे. सकाळी अंग पुसायला एक परिचारिका येते. तिला पहिल्याच दिवशी त्यांनी मोबाईलचा नंबर विचारला आणि म्हणाले, याला तीनने भाग जातो, सातनेही जातो. ती घाबरली. तिला वाटलं आपला नंबर बंद पडणार. आता ती रोज घरातल्या कुणाचा तरी नंबर घेऊन येते. परवा सासूचा आणला. दादांनी बराच वेळ डोळे मिटून घेतले आणि सांगितलं, हिला लहानसहान कशानेही भाग जात नाही. "वाटलंच होतं मला," म्हणाली आणि बादली उचलून गेली. दादा त्या दिवशी पोट धरून हसले. नंतर तासभर धाप लागली होती.

आता मुद्द्यावर येते. मुद्दा त्या संख्येचा आहे. तुम्ही ती विसरला असाल असं मला वाटत नाही, तरी सगळं पहिल्यापासून मांडते. अर्धवट मांडलेल्या गोष्टीतून पळवाटा निघतात. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून दुकानदारांचे काटे तपासण्यात माझी नोकरी गेली आहे, त्यामुळे पळवाटा मला लांबून दिसतात.

मोजणी कचेरीच्या गणक विभागात तुम्ही दोघे भाऊ शेजारी शेजारी बसत होता. दादांच्या टेबलावर हाताने फिरवायचं गणनयंत्र होतं. त्याला वीस खिडक्या आणि त्यातली एक फुटकी. चाकं कुठे अडत नाहीत ना, हे बघण्यासाठी दादा रोज सगळ्या खिडक्यांत एक आणून ठेवायचे. ओळीने एकोणीस एक. एका दुपारी डबा खाताना तुम्ही त्या ओळीकडे बघून विचारलंत, "दादा, ही एवढी लांबलचक संख्या, हिला कशाने भाग जात असेल रे?" सुरुवात तुमच्या जिभेने झाली. हे मी दोष म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते.

तुमच्या विभागाचा नियम असा होता की प्रत्येक गणित दोघांनी करायचं, पाठीला पाठ करून, एकमेकांचा कागद न बघता. मग तिसऱ्याने दोन्ही उत्तरं मोठ्याने वाचायची. जुळली, की कच्चे कागद फाडून टाकायचे आणि जुळलेलं पुन्हा उघडायचं नाही. घरीही तुम्ही तोच नियम लावलात. दादा मधल्या खोलीत, तुम्ही गच्चीवरच्या, आणि तिसरी मी.

भाजक शोधत न बसता एखादी संख्या फुटते की नाही, एवढंच सांगणारी एक जुनी कसोटी आहे. दोनाचा वर्ग करायचा, मग त्या वर्गाचा वर्ग, मग त्याचा, असं साठेक वेळा. मधूनमधून दुप्पट करायची, आणि दर पायरीला आपल्या संख्येने भागून बाकी तेवढी हातात ठेवायची. अगदी शेवटी एक उरला, तर संख्या मूळ असण्याचा संभव मोठा. एक सोडून दुसरं काहीही उरलं, तर ती नक्की फुटते. कशाने फुटते ते मात्र कसोटी सांगत नाही. ते ज्याचं त्याने शोधायचं.

एकोणीस अंकांना एकोणीस अंकांनी गुणायचं. अडतीस अंकांचं उत्तर आलं की मधोमध दोन तुकडे करून एकाखाली एक मांडायचे आणि मिळवायचे. सगळे एक असलेल्या संख्येपुरती ही सोय दादांनीच शोधून काढली होती, आणि त्या दिवशी त्यांनी मला स्वैपाकघरातून ओढत आणून ती दाखवली होती. तरीही एक गुणाकार नीट करून, नऊ टाकून ताळा घेऊन कागदावरून उठायला तास जातो. तुम्हाला पाच आठवडे लागले. मी दोन्ही उत्तरं वाचली. एकोणीसच्या एकोणीस अंक जुळले, आणि ते उत्तर एक नव्हतं. म्हणजे संख्या फुटते. दादांनी तुम्हाला कमरेत धरून उचललं. तुम्ही हसला नाहीत. मला वाटलं, पोरगा दमला.

डिसेंबरात, इस्पितळात असतानाच, दादांनी मला तेच गणित करायला सांगितलं. तिसरा हात म्हणून. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले त्याला जन्म लोटला, पण गुणाकाराला पदवी लागत नाही, बूड लागतं. त्यांच्या उशाशी बसून केलं, घरी आल्यावर पुढे चालू ठेवलं. गेल्या रविवारी संपलं.

एक उरला.

विश्वास बसेना म्हणून शेवटच्या दहा पायऱ्या पुन्हा केल्या. एकच. जगातली छापील पुस्तकं कधीपासून हेच सांगताहेत. ती मूळ संख्या आहे. तिला भाजक नाही. कधी नव्हताच.

दोन माणसं चुकू शकतात, भाऊजी. दोन वेगळ्या खोल्यांत बसून दोन माणसं एकोणीसच्या एकोणीस अंक सारखे चुकू शकत नाहीत. पुढचं तुम्ही काढा. तुम्हीही गणकच होता.

दादांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं गणित चालू आहे. पेन्सिलीचा आवाज ऐकू यावा म्हणून खाटेजवळ बसून कागदावर रेघा ओढते. "कितवी पायरी?" विचारतात. काल मी सत्तेचाळिसावी सांगितली. मला खोटा आकडा सांगायची सवय नाही, आणि हा तर रोज वाढवावा लागतो. साठाच्या पुढे तो वाढवता यायचा नाही.

म्हणून एकच विचारते. तुम्ही ते गणित केलं होतं का? हो किंवा नाही, एवढं लिहा. उत्तर नाही असेल, तर इथे येऊन त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगा. मी सांगितलं तर ते म्हणतील, तूच कुठे तरी चुकलीस. आणि पुन्हा करायला लावतील.

तुमची
वहिनी


ता. १९ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. तुमचं पत्र पोचलं. बदामांचा डबाही पोचला. मूत्रपिंडाच्या रोग्याला बदाम चालत नाहीत. ते परिचारिकेला दिले, तिने तुम्हाला दुवा दिला आहे.

पत्र मी तीनदा वाचलं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, जिने चढवत नाहीत, प्रवास जमणार नाही. समजलं. सूनबाईंना नोकरी आणि घर दोन्ही बघावं लागतं. तेही समजलं. "एवढ्या वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरायचं, वहिनी, दादाला शांतपणे जाऊ द्या, एका आकड्यापायी माणसाचा जीव कशाला टांगून ठेवायचा." हे सगळं सुवाच्य अक्षरात आहे. हो किंवा नाही मात्र कुठेच नाही. माझ्या नोकरीत जो दुकानदार आधी चहा मागवायचा, त्याचं माप मी आधी तपासायची.

शांतपणे म्हणता, म्हणून ते कसे जगले ते लिहिते. तुम्ही परगावी गेलात, मग आणखी लांब गेलात. तुम्हाला माहीत असायचं कारण नाही.

ते भाजक शोधत बसले. आधी सराव म्हणून सतरा एकांची संख्या घेतली. ती खरंच फुटते. तीन वर्षांच्या आत त्यांनी तिचा लहान भाजक काढला, २०७१७२३. ते त्यांनी तुम्हाला कळवलं होतं. तुमचं उत्तर आलं नाही. त्यांनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही, पत्र गहाळ झालं म्हणाले. मग एकोणीस. इथे कोणताही भाजक चालत नाही, अडतीसने भागल्यावर एक उरतो तोच घ्यायचा, त्यामुळे त्यांना वाटायचं की आपण अर्ध्याहून जास्त काम आधीच वाचवलं आहे. शिकवण्या घेऊन, दुकानांचे जमाखर्च लिहून जो वेळ उरेल तो सगळा तिथे. घर माझ्या पगारावर चाललं आणि मी कधी कुरकुर केली नाही, कारण नवरा घरात होता, शुद्धीत होता, आणि मी आले की चहा टाकून ठेवलेला असायचा. माझ्या मैत्रिणींच्या नवऱ्यांबद्दल एवढंही म्हणता येत नव्हतं.

एकदा मी त्यांना मांडून दाखवलं. भाजक असलाच तर लहान भाजक एकशे पाच कोटींच्या आसपासपर्यंत कुठेही असू शकतो. तुम्ही इतक्या वर्षांत दोन कोटींच्या जेमतेम पुढे आलात. या चालीने हजारावर वर्षं लागतील. ते म्हणाले, "अगं, पण तो शेवटच्याच घरात राहतो असं कुणी सांगितलं? उद्या सकाळी नाश्त्याच्या आधीही दार उघडेल." मग मला बसवून घेतलं आणि म्हणाले, याच संख्येतून एक काढून घे आणि बघ. दोन, पाच, तीन दोनदा, सात, अकरा, तेरा, एकोणीस, सदतीस, आणि दोन जरा मोठे. नुसता भुगा होतो. "शेजारीण एवढी ठिसूळ, आणि ही म्हणे अभंग. हे पटतं तुला?" शेजारणीवरून बाईची परीक्षा करू नये, हे मला नंतर सुचलं.

डोळ्यांत काचबिंदू होता. थेंब घालायचे ते, हा एवढा भाजक झाला की घालतो, असं करत राहून गेले. तिन्हीसांजेला हातातला कागद दिसेनासा होतो, तसं त्यांना दुपारी होऊ लागलं, तरी ते मला सांगेनात. मी एक दिवस दिवा लावला नाही आणि ते लिहीतच राहिले, तेव्हा कळलं.

पुस्तकात ती मूळ आहे असं छापलं आहे, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. शिकवणीच्या मुलांनी दाखवलं, पुढे फोनवरही दाखवलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. छापणारा एक, आम्ही दोघे. मी विचारलं होतं, मग एकदा पुन्हा करून का बघत नाही? त्यावर ते माझ्यावर ओरडले. लग्नानंतर एवढ्या वर्षांत दोनदाच ओरडले असतील, त्यातलं हे एक. जुळलेलं पुन्हा उघडणं म्हणजे जोडीदारावर शंका घेणं. ते धाकट्यावर शंका घेणार नव्हते.

आता जे मी तुम्हाला कधीच लिहिणार नव्हते, ते लिहिते.

दादांनी नोकरी सोडली ती छातीत दुखतं म्हणून, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. तुम्हालाही. त्यांची छाती तेव्हा दगडासारखी होती. झालं असं, की तुम्ही नवी नोकरी धरून गेल्यावर महिन्याभरात दादांनी आपला निष्कर्ष एका गणिताच्या नियतकालिकाकडे पाठवला. खाली दोन नावं, तुमचं आधी. उत्तर कचेरीच्या पत्त्यावर आलं. त्यात लिहिलं होतं की ही संख्या मूळ असल्याचं कधीचंच सिद्ध झालेलं आहे, कृपया आपलं काम तपासावं. मुख्य गणकांनी ते जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर वाचलं. लोक हसले. दादांना तिथल्या तिथे "एकोणिसे" हे आडनाव मिळालं, तेही त्यांनी हसण्यावारी नेलं. पण मुख्य गणक हसले नाहीत. ते म्हणाले, दोघे चुकले असते तर वेगवेगळे चुकले असते. सारखे चुकलेत म्हणजे एकाने दुसऱ्याचं उतरवलं आहे, आणि थोरला उतरवणारा नाही.

दादांनी त्यांना शब्द मागे घ्यायला सांगितलं. त्यांनी घेतला नाही. दादांनी त्याच दुपारी राजीनामा लिहिला. वय अडतीस, पुढे निवृत्तिवेतन नाही, काही नाही. घरी येऊन मला म्हणाले, "माझ्या भावाला चोर म्हणणाऱ्याच्या हाताखाली मी बसणार नाही."

आणि डिसेंबरात मला तिसरा हात लावायला सांगितलं, ते स्वतःच्या खात्रीसाठी नव्हतं. त्यांना खात्री होतीच. म्हणाले, "मी गेल्यावर कुणी ते पुन्हा काढलं, तर त्याच्या बाजूने बोलायला कोणी नको का? तू काटेकोर बाई आहेस. तुझं उत्तर आमच्याशी जुळलं की त्याचं नाव कायमचं स्वच्छ झालं."

हे काम मी पुरं केलं आहे, भाऊजी. उत्तर माझ्याजवळ आहे.

आता तुमचं मत असं, की त्यांना तसंच जाऊ द्यावं. मी त्यावर चार दिवस विचार केला. परकं माणूस असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण हा माणूस रोज विचारतो, कितवी? काल मी अठ्ठावन्नावी सांगितली. त्यांना उत्तर हवं आहे. खोटं उत्तर द्यायचं तर ते मी एकोणीस अंक लावून देऊ शकते, तुमचंच पुन्हा वाचून दाखवायचं. ते मी करणार नाही. आणि खरं मी सांगितलं तर त्यांच्यालेखी ती बायकोची चूक ठरेल. तुमच्या तोंडून आलं तरच ते खरं ठरेल.

येऊ नका. गुडघा सांभाळा. मंगळवारी दुपारी चारनंतर ते ताजे असतात, तेव्हा फोन करा. मी तो त्यांच्या कानाशी धरीन. एवढंच म्हणा: दादा, मी उतरवलं होतं. तुम्ही तेव्हा पंचविशीत होता, पाच आठवडे संध्याकाळी गच्चीवर कोंडून घ्यायचा कंटाळा आला, दादांचे कागद कपाटात उघडे होते. एवढंच ना? यात फाशी देण्यासारखं काही नाही. ते रागावणार नाहीत. रागावले तर मला बरंच वाटेल, निदान तेवढी ताकद आहे असं तरी कळेल.

तुमची
वहिनी


ता. ११ मार्च

भाऊजी,

आशीर्वाद लिहायला हात उठला नाही, म्हणून लिहिला नाही.

दादा गेले ते तुम्हाला तारेसारख्या दोन शब्दांत कळवलं होतं. बाकीचं आता लिहिते, कारण तुम्हाला वाटत असेल की त्या मंगळवारी तुम्ही एक चांगलं काम केलंत.

तुमचा फोन आला तेव्हा ते उठून बसले होते. पाठीला तक्के लावून घेतले आणि मला केस विंचरायला सांगितलं, जणू तुम्ही दारातून आत येणार होता. हातात फोन धरवेना, म्हणून मी आवाज मोठा करून पांघरुणावर ठेवला. त्यामुळे तुमचं बोलणं मीही ऐकलं. हे तुम्हाला माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "दादा, वहिनींचं पत्र आलं, म्हणून मी ते पुन्हा करून पाहिलं."

"काय करून पाहिलंस?"

"आपले एकोणीस एक. हाताने, पेन्सिलीने, तुझ्या पद्धतीने. शनिवार-रविवार दार लावून बसलो. तेच आलं, दादा. आपलंच बरोबर होतं."

दादांनी विचारलं, "तेच? सगळे अंक?"

"सगळे. शेवटचासुद्धा."

"दोन दिवसांत."

"हो ना. उठलोच नाही जागचा."

त्यांनी विचारलं, गुडघा कसा आहे. तुम्ही गुडघ्याचं सांगितलंत, बराच वेळ सांगितलंत. ते म्हणाले, जिना चढताना बरा पाय आधी टाक, उतरताना दुखरा. मग म्हणाले, "ठेव आता, धाकट्या. जप."

मी फोन उचलून बाजूला ठेवला. त्यांनी हाताने चाचपून माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"तुझं कधीच संपलं आहे ना?"

मी हो म्हटलं.

"किती उरला?"

"एक."

"पुन्हा सांग."

"एक. शेवटच्या दहा पायऱ्या दोनदा केल्या. दोन्ही वेळा एक."

ते म्हणाले, "म्हणजे मूळ आहे." नंतर म्हणाले, "याने तेव्हाही केलं नव्हतं."

तुम्हाला वाटलं असेल मी सांगितलं. मी एक अक्षर सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत. जे गणित धडधाकट माणसाला महिना घेतं, ते शनिवार-रविवारी उरकतं असं ज्याला वाटतं, त्याने ते आयुष्यात कधीच केलेलं नसतं. तुम्हाला किती वेळ लागतो एवढंसुद्धा माहीत नव्हतं, भाऊजी. उतरवायला किती लागतो तेवढं माहीत होतं.

मग बराच वेळ त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. मला वाटलं झोपले. पण त्यांनी विचारलं, ते मुख्य गणक हयात आहेत का? मी सांगितलं, ते जाऊन वीसेक वर्षं झाली. म्हणाले, "त्या माणसाच्या टेबलावर मी शाईची बाटली उपडी केली होती. तो बरोबर बोलत होता." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. तो बरोबर बोलत होता.

मी त्यांना म्हटलं, पहिली चूक कुणाची हे आता कळायचं नाही, कागद फाडले. एखादे दोन अंक उलटसुलट उतरले असतील, अंकांची बेरीज तीच राहते, म्हणून नऊ टाकून घेतलेल्या ताळ्यात तसली चूक दिसत नाही. म्हणाले, चूक माझीच असणार, त्याच्याकडे माझीच तर नक्कल होती. हे ते अगदी साधेपणाने म्हणाले. मग मी, सतरा एकांची संख्या तुम्ही फोडली ती तर खरी आहे, असं म्हणून बघितलं. मला दिलासा देता येत नाही. तुम्हाला माहीत आहे. त्यांनी माझा हात थोपटला आणि सोडून दिला.

शेवटी म्हणाले, "त्याला सांगू नकोस मला कळलं ते. त्याला वाईट वाटेल."

दुसऱ्या दिवशी परिचारिका भाच्याचा नंबर घेऊन आली. म्हणाले, आज नको, बाई. तिने पुढेही विचारून पाहिलं. त्यांनी त्यानंतर एकही संख्या तोंडातून काढली नाही. औषधाचे थेंब किती घ्यायचे हे मी विचारलं तरी खांदे उडवायचे. पाणी कमी केलं, बोलणं कमी केलं. डॉक्टर म्हणाले, याच वेगाने होणार होतं. तसं असेल. मी त्यांच्या छातीवर काटा लावून बघितला नाही.

तुम्ही दया केलीत असं तुम्हाला वाटलं, हे मी मानते. पण ती दया मोजून बघा. खरं बोलला असतात, तर त्यांचं एवढ्या वर्षांचं काम गेलं असतं आणि भाऊ राहिला असता. त्याला त्यांनी माफ केलं असतं, शिव्याही दिल्या असत्या, आणि कदाचित त्याच रात्री हसलेही असते. तुम्ही असं बोललात की कामही गेलं आणि भाऊही गेला. मग त्यांच्याजवळ मी उरले. मी त्यांना पुरले नाही.

तुम्हाला सांगू नये, ही त्यांनी माझ्याकडे मागितलेली शेवटची गोष्ट. मी ती मोडते आहे. त्यांना वाटत होतं की तुम्हाला वाईट वाटू नये. मला वाटतं की तुम्हाला वाटावं. आमच्या संसारात एवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत झालं नाही.

येण्याचं कारण नाही. दिवस, विधी काही नाही. त्यांनी तशी इच्छा लिहून ठेवली होती आणि देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. गाडी सकाळी आली. दोन माणसं होती, नीट वागली. माझ्याकडे त्यांची पावती आहे, तिचा मजकूर खाली उतरवून देते. शब्दाला शब्द ताडून पाहिला आहे.

या पत्राला उत्तर नको.

तुमच्या दादांची बायको


ताब्यात दिलं, ता. ८ मार्च, सकाळी.
मृतदेह, पुरुष, वय ७८.
मृत्यूचा दाखला, मूळ प्रत, सोबत.
पांढरी चादर, नातेवाइकांना परत.
अंगावर दागिना नाही.
देणार: पत्नी.
दुसरे जवळचे नातेवाईक: हजर नाहीत.
घेणार: शरीररचना विभाग. सही, शिक्का.